गोव्यातल्या मोठ्या आर्किटेक्चर ऑफिसात पहिली नोकरी: रुजू होण्याआधी हे वाचा

दर वर्षी मे-जून आला की मला फोन सुरू होतात. कुणी सावंतवाडीचं, कुणी बेळगावचं, कुणी कोल्हापुरात माझ्याच कॉलेजात शिकलेलं. "ताई, गोव्यातल्या एका मोठ्या फर्मची ऑफर आलीय, जाऊ का?" प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवते. मी कुडाळची. बी.आर्क. झाल्यावर पर्वरीच्या एका ऑफिसात सव्वाचार वर्षं काढली. ऑफिसचं नाव सांगत नाही, कारण तिथे मी केलेली माती खाली लिहिली आहे.

गोव्यात मोठं म्हणजे मुंबईसारखं मजल्यावर मजले भरलेलं ऑफिस डोळ्यांसमोर आणू नका. आमच्याकडे साठेक माणसं होती, त्यांतले आर्किटेक्ट निम्म्याहून थोडे जास्त. बाकी इंटिरियरवाले, थ्रीडीवाले, परवानग्यांची टीम, हिशेब आणि शिपाई. पण साठ माणसांचं ऑफिस हे सहा माणसांच्या ऑफिसची दहापट नसतं, त्याची जातच वेगळी. लहान ऑफिसात तुम्ही पहिल्या महिन्यात क्लायंटसमोर बसता. इथे क्लायंटचं तोंड बघायला मला आठ महिने लागले.

1. ऑफिस नेमकं कुठलं काम करतं ते आधी शोधा

इंस्टाग्रामवरचे फोटो बघून ठरवू नका. तिथे व्हिला आणि स्विमिंग पूल दिसतो. ऑफिस चालतं ते बहुतेक वेळा हॉटेल, रिसॉर्ट आणि बिल्डरच्या गृहप्रकल्पांवर. मुलाखतीत सरळ विचारा: सध्या साइटवर किती कामं चालू आहेत, कागदावर किती आहेत आणि मला कुठल्या टीममध्ये घेणार?

हॉटेलच्या कामात डिटेलिंग आणि सल्लागारांशी ताळमेळ शिकता येतो. बिल्डरच्या कामात नियम, क्षेत्रफळ आणि रेरा (घर घेणाऱ्या ग्राहकांसाठीचा कायदा) यांत हात बसतो. जुन्या घरांची डागडुजी करणारं ऑफिस मिळालं तर नशीबवान आहात. चिरा, चुना, कौल, लाकडी वासे हे सगळं हातानं शिकायला मिळतं, पण अशी कामं मोठ्या ऑफिसात थोडी असतात आणि त्यांवर आधीच कुणीतरी सीनियर ठाण मांडून बसलेला असतो.

आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी रचलेली पणजीतल्या कांपालची कला अकादमी बघून "आपणही कोरियांसारखं काहीतरी करू" म्हणत गोव्यात येणारे पुष्कळ. 1983 साली पूर्ण झालेली ती इमारत जरूर बघा. फक्त पहिलं वर्षभर तुमच्या वाट्याला संडास-बाथरूम येणार आहेत, हे मनाशी धरून या. त्याबद्दल पुढे सविस्तर.

2. पोर्टफोलिओ आणि परीक्षा

पोर्टफोलिओत रेंडर (थ्रीडी चित्रं) कमी ठेवा आणि एक तरी वर्किंग ड्रॉइंगचा (बांधकामासाठीच्या मापांसकटच्या ड्रॉइंगचा) संच घाला. इंटर्नशिपमध्ये केलेला असला तर उत्तमच, पण त्या ऑफिसची परवानगी घ्या आणि तुम्ही त्यातलं नेमकं काय काढलं ते प्रत्येक पानावर लिहा. दुसऱ्यानं काढलेला जिना आपला म्हणून दाखवणारे मुलाखतीत दोन मिनिटांत पकडले जातात. "लँडिंगखाली डोक्यावर किती उंची मिळते?" एवढंच विचारतात.

बऱ्याच ठिकाणी दोन-तीन तासांची परीक्षा असते. मला एका बाथरूमचा प्लॅन, चार भिंतींची एलिव्हेशन्स आणि फरशीची मांडणी काढायला दिली होती. सॉफ्टवेअर कुठलं वापरता हे आधी विचारून घ्या. ऑटोकॅड आणि स्केचअप सगळीकडे चालतं, मोठ्या ऑफिसांत रेव्हिटही. रेव्हिट येत नसेल तर "येतं" म्हणू नका. पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या सामायिक मॉडेलमधली भिंत उडवलीत तर पूर्ण टीमला कळतं ती कुणी उडवली.

3. ऑफर लेटरवर सही करण्याआधी

इथे सर्वात जास्त मुलं फसतात.

पहिलं बघा, तुम्हाला पगार देणार की "प्रोफेशनल फी". दोन्हीतला आकडा सारखाच दिसतो. पण फी असेल तर तुम्ही कागदोपत्री नोकर नाही, सल्लागार आहात. पीएफ नाही, रजेचा हक्क नाही, आणि दर महिन्याला 10 टक्के टीडीएस कापून हातात पैसे येतात. उत्पन्न कराच्या मर्यादेखाली असेल तर रिटर्न भरून तो टीडीएस परत मिळतो, मात्र रिटर्न भरावा लागतो. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलानं दोन वर्षं भरलाच नव्हता. "कापले ते गेले" असं तो समजून चालला होता.

मग नोटीस किती महिन्यांची, बाँड आहे का, शनिवार पूर्ण की अर्धा की एकाआड एक, साइटवर जायचं पेट्रोल कोण देणार आणि प्रोबेशन संपल्यावर पगार वाढणार असं लेखी आहे की नुसतं तोंडी, हे विचारून घ्या. विचारायला लाजू नका. एचआरला हे प्रश्न रोजचेच असतात.

हुद्द्याचंही एक आहे. 1972 च्या आर्किटेक्ट्स ॲक्टनुसार काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झाल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. डिग्री हातात आली की लगेच ऑनलाइन अर्ज करून टाका. "नंतर करू" म्हणणाऱ्यांची कागदपत्रं गावच्या कपाटात राहतात आणि इथे पगारवाढीच्या वेळी नोंदणी क्रमांक विचारतात.

4. सोबत काय आणायचं

कागद:
- डिग्री किंवा प्रोव्हिजनल सर्टिफिकेट, सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका
- काउन्सिलचं नोंदणीपत्र, किंवा अर्ज केल्याची पावती
- इंटर्नशिप पूर्ण केल्याचं पत्र
- आधार, पॅन, बँकेचा रद्द केलेला चेक
- आधी नोकरी झाली असेल तर रिलीव्हिंग लेटर आणि पीएफचा यूएएन
- पासपोर्ट फोटो, वाटतात त्याच्या दुप्पट

सामान:
- 5 मीटरचा टेप. ऑफिसचा लेझर मीटर असतो, पण तो नेहमी दुसऱ्या साइटवर गेलेला असतो.
- जाड तळव्याचे बूट. सेंटरिंगच्या (स्लॅबखालच्या तात्पुरत्या आधाराच्या) फळ्यांतले खिळे चपलेतून आरपार जातात.
- लांब दांड्याची छत्री नव्हे, रेनकोट. साइटवर एका हातात ड्रॉइंग आणि दुसऱ्या हातात टेप असतो.
- ए3 मापाच्या प्लास्टिकच्या पिशव्या, ड्रॉइंग झाकायला

हेल्मेट साइटवर मिळतं. मिळालं नाही तर मागा आणि घालूनच आत शिरा.

5. राहायचं कुठे

पणजीत भाडं परवडणं कठीण. पर्वरी, म्हापसा, फोंडा ही मधली वाट. बांदा-सावंतवाडीकडून रोज ये-जा करणारेही आहेत, पण मोठ्या ऑफिसात सुटायची वेळ नक्की नसते आणि रात्री बस विरळ होत जातात. मी चार महिने तसं केलं, मग सोडलं. किनाऱ्याजवळची खोली घेताना ती वर्षभरासाठी आहे का ते विचारा. पर्यटनाचा हंगाम आला की खोली रिकामी करायला लावणारे घरमालक आहेत. अकरा महिन्यांचा लेखी करार करा आणि भाडेकरू पडताळणीचा फॉर्म पोलिसांत दिलाय ना, याची खात्री करून घ्या.

दुचाकी लागतेच. पणजी-मडगाव मार्गावर कदंब महामंडळाची शटल बस झकास आहे, पण साइट काही शटलच्या थांब्यावर नसते.

6. पहिले पंधरा दिवस: सर्व्हर आणि फाइलची नावं

पहिल्या दिवशी कुणी डिझाइन सांगणार नाही. एक लॉगिन, एक खुर्ची आणि सर्व्हरवरचा एक फोल्डर मिळेल. त्यात शेकडो फाइली. घाबरू नका, पण उघडून सेव्हही करू नका. आधी प्रत आपल्या मशीनवर घ्या आणि वाचा. होय, ड्रॉइंग वाचायचं असतं.

टायटल ब्लॉकमधला कोपरा सर्वांत महत्त्वाचा: शीट नंबर, रिव्हिजन नंबर, तारीख, कुणी काढलं, कुणी तपासलं. आणि ते ड्रॉइंग कशासाठी दिलंय, माहितीसाठी, टेंडरसाठी की बांधकामासाठी. बांधकामासाठी दिलेल्याला सगळे "जीएफसी" (गुड फॉर कन्स्ट्रक्शन) म्हणतात. हा शिक्का बसलेल्या कागदावर स्लॅब पडतो. त्याआधीचे सगळे कागद बदलू शकतात.

लेयरची नावं, रेषांची जाडी, फाँट सगळं ऑफिसच्या पद्धतीनंच. "आमच्या कॉलेजात असं करायचे" हे वाक्य पहिल्या महिन्यात तोंडातून काढू नका.

7. संडास-बाथरूम: इथेच खरी नोकरी शिकाल

नव्या माणसाला टॉयलेट डिटेल, दारांचं शेड्यूल आणि जिना ही कामं देतात. मुलं नाराज होतात. मीही झाले होते. बार्देशात 42 खोल्यांचं एक हॉटेल चाललं होतं आणि माझ्याकडे त्याचे 42 संडास. घरी आईला सांगायची लाज वाटायची.

पण बाथरूम ही इमारतीतली अशी जागा आहे, जिथे सगळे एकमेकांच्या पायावर पाय देतात. प्लंबिंगवाल्याला उतार हवा, स्ट्रक्चरवाल्याला तिथूनच बीम न्यायचा असतो, एसीवाल्याला वरून डक्ट, इंटिरियरवाल्याला आरशामागे दिवा. कमोडचा 110 मिमीचा पाइप खाली जातो तिथे बीम आला की खेळ खल्लास. संकन स्लॅब (पाइपसाठी खाली घेतलेला स्लॅब) किती खाली, फरशीचा उतार कुणीकडे, नाहणी फरशीच्या मधोमध येते की तुकड्यात, दार आत उघडलं तर बेसिनला आपटतं का, हे सगळं तुम्हालाच बघायचं असतं. एक बाथरूम नीट काढता आलं की पूर्ण इमारतीचं ड्रॉइंग कसं जुळवतात ते समजतं.

आता माझी माती. पहिल्या मजल्याच्या स्लॅबआधी कपाटासाठी बाथरूमची भिंत 150 मिमी सरकली. त्याबरोबर कमोड सरकला, पाइपची जागा सरकली. मी ड्रॉइंग बदललं, पण रिव्हिजन नंबर बदलला नाही. "छोटासा तर बदल" म्हणून तीच शीट साइट इंजिनीअरला व्हॉट्सॲपवर पाठवली. त्यानं बघितली, "ठीक आहे"चा अंगठा पाठवला. खाली साइटवर मात्र आधीची छापील प्रत होती. तोच शीट नंबर, तोच रिव्हिजन, दोन वेगळी चित्रं.

स्लॅब पडल्यावर सेंटरिंग उतरलं आणि मी वर पाहिलं. 14 बाथरूममधले पाइपचे स्लीव्ह (पाइप जायला स्लॅबमध्ये आधीच ठेवलेल्या नळ्या) जुन्या जागी. फोरमन दोडामार्गाकडचा, वयानं माझ्या बाबांएवढा. त्यानं खिशातून चौपदरी घडीचा कागद काढला, सिमेंटच्या बोटांनी गुडघ्यावर सपाट केला आणि शीट नंबरवर बोट ठेवलं. "मॅडम, ह्यो कागद तुमीच दिल्यात मा?" आवाज चढवला नाही. त्यानं चढवला असता तर बरं झालं असतं.

स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलावून, सळ्या कुठे जातात ते पाहून, मशीननं चौदा भोकं नव्यानं पाडली. जुनी बुजवली. पैसे कुणी द्यायचे यावर तीन मीटिंगा झाल्या. मला कामावरून काढलं नाही, पण पुढचे सहा महिने माझी एकही शीट दुसऱ्याच्या सहीशिवाय बाहेर गेली नाही.

यावरून चार नियम, हवे तर मॉनिटरला चिकटवा:
- रेघ हलली की रिव्हिजन बदलतो. अपवाद नाही.
- बदललेल्या जागेभोवती ढगासारखी रेघ काढा आणि काय बदललं ते शब्दांत लिहा.
- ड्रॉइंग ईमेलनं, ट्रान्समिटलसकट (काय, कुणाला, कधी पाठवलं याच्या नोंदीसकट) जातं. व्हॉट्सॲप फक्त "पाठवलंय, बघा" सांगायला.
- साइटवर गेलात की जुन्या प्रती स्वतः गोळा करून त्यांवर "रद्द" मारा.

8. गोव्याचे कागद

महाराष्ट्रातून आलेल्यांची इथे तारांबळ उडते. आपला सात-बारा इथे नाही. इथे एक-चौदाचा उतारा. त्यात कूळ कोण आणि इतर हक्क कुणाचे हे रकाने आधी वाचा. मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) घर त्या जमिनीत असेल तर 1975 च्या कायद्यानं त्याला संरक्षण आहे. तुमच्या सुंदर लँडस्केपमध्ये एक जुनं घर का शिल्लक राहतं, हे मग कळतं. मालक विवाहित असेल तर बहुतेक वेळा नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात. हा इथल्या पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्याचा भाग.

एफएआर (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात किती बांधता येतं ते) इथे शंभर, ऐंशी, साठ असा टक्क्यांत बोलतात. पहिल्या मीटिंगमध्ये "एफएआर ऐंशी" ऐकून मी बावचळले होते. ऐंशी म्हणजे आपला 0.8. हिशेब 2010 च्या गोवा भूविकास आणि बांधकाम नियमावलीप्रमाणे होतो आणि जमीन कुठल्या झोनमध्ये आहे ते प्रादेशिक आराखडा किंवा शहराचा ओडीपी (विकास आराखडा) सांगतो.

गावातल्या कामाचा साधारण रस्ता असा: नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, आरोग्य केंद्राचा ना-हरकत दाखला, मग पंचायतीचा बांधकाम परवाना. काम संपल्यावर तोच प्रवास पूर्णत्वाच्या आणि वापराच्या दाखल्यासाठी पुन्हा. शेतजमीन असेल तर त्याआधी सनद (जमीन बिगरशेती झाल्याचा दाखला). मोठ्या ऑफिसात ही पळापळ परवानग्यांची टीम करते, पण त्यांच्यासोबत एकदा तरी खात्यात जा. तिथल्या टेबलावर तुमचं ड्रॉइंग कसं वाचलं जातं ते बघितल्यावर तुम्ही सेटबॅकची (हद्दीपासून सोडायच्या जागेची) मापं ठळक लिहायला लागता.

तीन सापळे. उतारावरची जमीन असेल तर डोंगर कापायला किंवा सखल जागा भरायला नगरनियोजन कायद्याच्या कलम 17 अ खाली वेगळी परवानगी लागते. "थोडासाच कापलाय" चालत नाही. दुसरं, सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) म्हणजे फक्त समुद्रकिनारा असं समजू नका. भरतीचं पाणी नदीत जिथवर शिरतं तिथले काठही त्यात येतात, खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या) जमिनीही. तिसरं, जुन्या गोव्यासारख्या ठिकाणी संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र. साइट हातात आली की गुगल मॅपवर प्लॉट बघून मोकळं होऊ नका, सर्व्हे प्लॅन मागवा.

आणि बिल्डरची कामं करत असाल तर रेरा. 2016 च्या या कायद्यानं ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी 70 टक्के वेगळ्या खात्यात राहते आणि त्यातून पैसे काढायला इंजिनीअर, आर्किटेक्ट आणि सीए या तिघांचे दाखले लागतात. ते दाखले तयार करण्यासाठी तुम्हाला साइटवर "किती काम झालं ते बघून ये" म्हणून पाठवतील. झालं तेवढंच लिहा. बिल्डरचा माणूस "पुढच्या आठवड्यात होणारच आहे" म्हणेल. तर मग दाखला पुढच्या आठवड्यात.

9. साइट आणि पाऊस

इथलं वर्ष जूनपासून मोजा. पावसाआधी छप्पर, वॉटरप्रूफिंग आणि पाया उरकायची घाई एप्रिल-मेमध्ये असते. त्या दोन महिन्यांत रजा मागू नका, मिळत नाही. पाऊस लागला की साइट संथ होते आणि ऑफिसात ड्रॉइंगचा ढीग वाढतो.

ऑफिसात मिलिमीटर, साइटवर फूट-इंच. मेस्त्री "नऊची भिंत" म्हणतो, तुम्ही 230 लिहिता. दोन्ही बोलता यायला हवं. चिऱ्याचं माप खाणीगणिक बदलतं, म्हणून उघड्या चिऱ्याची भिंत काढण्याआधी साइटवर आलेला चिरा मोजा आणि मग खिडकीची उंची ठरवा. नाहीतर खिडकीवर दोन इंचांचा तुकडा बसतो आणि तो आयुष्यभर तुमच्याकडे बघत राहतो. पश्चिमेच्या खिडक्यांवर पाऊस आडवा येतो. थ्रीडीत छान दिसणारा बारीक छज्जा पहिल्याच जुलैत उघडा पडतो.

10. माणसं आणि वेळ

ईमेल इंग्रजीत, साइट हिंदीत, जेवणाच्या टेबलावर कोंकणी. पेडणे, डिचोली, सत्तरीकडचे सहकारी तुमच्याशी मराठीत बोलतील, तरी महिनाभरात कोंकणी कानावर बसू द्या. मालवणी येत असेल तर अर्धं काम झालेलंच आहे.

उशीर होतो. सादरीकरणाच्या आदल्या रात्री तर होतोच. पण रोजच रात्री दहा वाजत असतील तर चूक तुमच्या वेगात नाही, कामाच्या वाटपात आहे. तसं टीम लीडरला शांतपणे सांगा, आठवड्याची कामं लिहून समोर ठेवा. माझं ऐकलं गेलं, मैत्रिणीचं दुसऱ्या ऑफिसात नाही गेलं आणि तिनं सात महिन्यांत राजीनामा दिला. दोन्ही होतं.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मात्र अख्खा गोवा बंद. कामगार, ठेकेदार, अर्धं ऑफिस गावी. त्या आठवड्यात कुणालाही तारीख देऊ नका.

11. सोडताना

दर शुक्रवारी पाच मिनिटं काढून वहीत लिहा: या आठवड्यात कुठल्या शीट काढल्या, कुठल्या तपासल्या, साइटवर काय ठरलं. ड्रॉइंगच्या फाइली पेनड्राइव्हवर घरी नेऊ नका, त्या ऑफिसच्या मालकीच्या असतात. पोर्टफोलिओसाठी काय वापरता येईल ते लेखी विचारा.

अनुभवाच्या पत्रात नुसतं "चांगलं काम केलं" नको. प्रकल्पाचा प्रकार, कुठल्या टप्प्यावर काम केलं आणि तुमच्याकडे काय होतं, हे लिहून मागा. माझ्या पत्रात हॉटेलच्या नावापुढे "टॉयलेट डिटेल्स, 42 खोल्या" असं आलं होतं. वाचून कसंतरीच झालं. पुढच्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी सगळं पत्र सोडून त्याच ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "स्लीव्ह कधी चुकल्या होत्या का?"